फोटोतली गाडी

बचत गटातली एक जण परवा कर्ज मागायला आली. मुलगा दिल्लीची जुनी डिझेल गाडी घेतोय, नुसत्या फोटोवरून. "स्वस्त आहे हो वहिनी, आजच टोकन भरायचंय." पाटल्या मोडायचीही तयारी!

स्वस्त का, हे कुणी विचारलंच नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना बंदी केली आणि कितीतरी गाड्या परराज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी इकडे आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी हवी, १२ महिन्यांत इथला नंबर घ्यायचा, रोड टॅक्स इथे भरायचा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवायला हवा.

साडी घेताना आपण पदर उलगडून उजेडात धरतो, आणि इथे लाखभर रुपये फोटोवर? मी म्हटलं, "आधी गाडीचा नंबर माग. सरकारच्या परिवहन अ‍ॅपवर विमा, फिटनेस, बोजा बघू. मग मेकॅनिक सोबत देऊन पोराला रेल्वेने पाठव. तिकिटाला गट पैसे देईल."

नंबर मागितल्यापासून दलाल फोन उचलत नाही. पाटल्या अजून तिच्या हातात आहेत. मुलगा मात्र माझ्याशी बोलत नाही.