विश्लेषण : शीव ओलांडली की पक्षी का बदलतात?

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट संपून साष्टी सुरू होई ती ही जागा. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथल्या टेकडीवर किल्ला बांधला तो ही हद्द राखण्यासाठी. मधली खाडी बुजली, पूल आले, शहर पार पलीकडे पसरले. पक्ष्यांच्या लेखी मात्र हद्द अजून आहे. शीव कोळीवाड्यात पहाटे तांबट, दयाळ, कोकीळ ऐकू येतात. वीसेक किलोमीटर उत्तरेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात भृंगराज शीळ घालतो आणि पावसाळ्यात नवरंग साद देतो. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३०च्या दशकात ‘मुंबई व साष्टी’च्या पक्ष्यांची नोंद केली, तीही दोन्ही बेटांचा जोडीने उल्लेख करून. जंगली पक्षी कुठे राहणार हे कोण ठरवते, याचे उत्तर आज केवळ पक्षीनिरीक्षकांपुरते उरलेले नाही.

पाऊस किती, की किती महिने?

दोन्ही. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून वाईत गेलो की तो हजारच्याही खाली येतो. तेवढ्या अंतरात सदाहरित रान संपून खुरटे, काटेरी माळरान सुरू होते आणि पक्षीही बदलतात. पण नुसता आकडा फसवा. आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो, पुढचे सात-आठ महिने कोरडे. केरळात वळीव आणि परतीचा पाऊस मिळून कोरडा काळ बराच आखूड. ओलाव्याबरोबर तिथे वर्षभर फळे आणि किडे मिळत राहतात. म्हणून केवळ पश्चिम घाटातच सापडणाऱ्या पक्ष्यांच्या जाती दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना कमी कमी होत जातात. मलबारी राखी धनेश आंबोलीच्या रानात भेटतो. मुंबईत दिसतो तो कोरडे रान चालवून घेणारा साधा राखी धनेश.

काही पक्षी या चार महिन्यांनाच धरून जगतात. तिबोटी खंड्या पावसाच्या तोंडावर कोकणात येतो. ओढ्याकाठची माती भिजून मऊ झाली की तो तिच्यात बीळ कोरून घरटे करतो. पाऊस लांबला की त्याचे सगळे वेळापत्रक लांबते.

उंची आणि खिंड काय करतात?

उंची तापमान ठरवते, खिंड वाट अडवते. पालघाटची खिंड अवघी तीस-चाळीस किलोमीटर रुंद. उडणाऱ्या जिवाला ते अंतर ते काय? पण नीलगिरीच्या माथ्यावरचा शोलाकिली हा छोटा पक्षी थंड, दाट रान सोडून तापलेल्या सपाटीवर उतरत नाही. परिणामी खिंडीच्या उत्तरेला त्याची एक जात आणि दक्षिणेला दुसरी, अशी फाळणी झाली. जंगलातल्या पक्ष्याला पंख असतात, म्हणून तो कुठेही जाऊ शकतो, हा समज इथेच मोडतो.

वन पिंगळा काय सांगतो?

हा छोटा घुबड १८८४ नंतर शतकभर कोणाला खात्रीने सापडलाच नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढे मेळघाटातही आढळला. तो सातपुड्याकडच्या कोरड्या सागवानी रानातलाच, असा समज पक्का होत असताना २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईला १८९२ पासून पाणी देणाऱ्या तलावाच्या रानात सापडला. दोन्हीकडे साग आहे, विरळ मोकळी जागा आहे आणि ढोली असलेली जुनी झाडे आहेत. ढोली तो स्वतः कोरत नाही. तयार मिळाली तरच त्याचा संसार. अशी ढोली रोपवाटिकेतून आणता येत नाही.

मग भरपाई कशाची?

खरा प्रश्न हा आहे. रस्त्यासाठी किंवा प्रकल्पासाठी जंगल गेले की त्याबदल्यात वनीकरण होते. ते त्याच तालुक्यात, त्याच जिल्ह्यात व्हावेच असे नाही. कागदावर हेक्टरला हेक्टर जुळतो आणि हिशेब मिटतो. पण हेक्टरमध्ये पाऊस मोजला जात नाही, कोरडे महिने मोजले जात नाहीत, उंची आणि ढोल्या तर नाहीतच. साष्टीच्या पानगळी रानातला पक्षी शेकडो किलोमीटरवरच्या नव्या लागवडीत जाऊन राहील, ही अपेक्षा शोलाकिलीला खिंड ओलांडायला सांगण्यासारखी आहे.

हवामान तापू लागल्यावर ही चूक अधिक महाग पडेल. उष्मा वाढला की डोंगरी पक्षी वर सरकतात. महाराष्ट्रात मात्र कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते आणि राष्ट्रीय उद्यानाचा माथा ५०० मीटरही भरत नाही. वर जागा नाही, तेव्हा आडवी वाट तरी हवी : राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर, तानसा हे पट्टे एकमेकांना जोडलेले राहिले पाहिजेत. भरपाईची लागवड करायचीच तर ती याच पट्ट्यात, याच पावसातल्या झाडांची व्हावी, एवढी अट घालणे सरकारला अशक्य नाही.

शहरालाही यातून सुटका नाही. तांबट वाळल्या फांदीत भोक पाडून घरटे करतो. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत पहिली कुऱ्हाड त्याच फांदीवर पडते. रस्त्यावर झुकलेली फांदी तोडावीच लागेल. आवारातली, कोणाच्या डोक्यावर नसलेली राहू द्यायला काय हरकत आहे? कोळीवाड्यात तांबटाची ‘टुक टुक’ थांबली, तर शीवेच्या पलीकडे काय चालले आहे हे सांगायला अलीकडे कोणी उरणार नाही.