न खाण्याचे पीक

शेतात उभे राहिलेले पीक कापावयाचे ते खाण्यासाठी, ही आपली पिढ्यानपिढ्यांची समजूत. परंतु विषारी धातूंनी नासलेली जमीन शुद्ध करण्यासाठीच पीक घ्यावे आणि त्यातील एक दाणाही कोणाच्या मुखी लागू देऊ नये, असा विचार विज्ञानाने पुढे आणला आहे. त्याचे स्वागत केले पाहिजे; मात्र डोळे उघडे ठेवून.

जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. कामिओका खाणीतून नदीत मिसळलेले कॅडमियम भातखाचरांत उतरले, तेथून दाण्यांत शिरले आणि ते खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली. 'इताई, इताई', म्हणजे 'दुखते, दुखते', या रुग्णांच्या आक्रोशावरूनच त्या व्याधीस नाव पडले. प्रदूषण हेच तिचे कारण, हे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले. पण शेतांत नवी माती घालण्याचे काम पुरे होण्यास २०१२ साल उजाडले.

असा खर्च आणि असा विलंब कोणास परवडणार? म्हणून पिकांकडे लक्ष वळले. धातू कुजून नष्ट होत नाही. तो मातीतून बाहेरच काढावा लागतो. पाण्याने भरलेल्या खाचरात कॅडमियम मातीत अडकून राहते. हे जाणून जपानी संशोधकांनी खाचरातील पाणी काढून, कॅडमियम अधिक शोषणारा 'चोकोकोकू' जातीचा भात दोन वर्षे घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मातीतील कॅडमियम ३८ टक्क्यांनी, आणि नंतर घेतलेल्या खाण्याच्या तांदळातील ४७ टक्क्यांनी घटले. आपल्या फोडणीतील मोहरीही शिसे शोषू शकते. पण शिसे मातीला घट्ट धरून असते. ते सुटे करण्यासाठी रसायन घालावे, तर तेच शिसे भूजलात झिरपण्याचे भय.

म्हणजे हा उपाय जादूचा नव्हे. तो संथ आहे, अपुरा आहे. शिवाय कापलेल्या पिकाचे काय? जाळले तर विष राखेत उरते. चारा म्हणून घातले तर दुधावाटे घरात येण्याची भीती. आणि गरजेपोटी ते बाजारात गेले, तर शुद्धीकरणाच्या नावाखाली आपण विषाचेच वाटप केले असे होईल. हे टाळावयाचे, तर पिकाची मोजदाद व सुरक्षित विल्हेवाट यांची जबाबदारी शासनाने घेतली पाहिजे.

त्याहून मोठा प्रश्न न्यायाचा आहे. न खाण्याचे, न विकण्याचे पीक शेतकऱ्याने वर्षानुवर्षे कोणाच्या जिवावर घ्यावे? राजस्थानातील बिछडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली प्रदूषण करणारानेच त्याची किंमत मोजावी हे तत्त्व उचलून धरले. तेच येथे लागू व्हावयास हवे. पीक जमिनीतील विष काही अंशी उचलील. परंतु ते विष ओतणाराचा दोष त्याने आपल्या शिरी घ्यावा, अशी अपेक्षा कोणीही करू नये.