कॅरम टीव्हीवर यावा!

संध्याकाळी दिंडोशीतील एखाद्या गल्लीत चक्कर मारा. दिव्याखाली कॅरमचा बोर्ड मांडलेला असतो. चौघे खेळतात आणि दहा जण वाकून पाहतात. कोणी राणी घेतो. पण तिच्यानंतर लगेच आपली सोंगटी घेता आली नाही, की राणी परत बोर्डावर येते! मग एकच गलका होतो.

असा रंगतदार खेळ टीव्हीवर का दिसू नये? काही जण म्हणतात, "बसून खेळायचा खेळ कोण पाहणार?" त्यांनी कबड्डीकडे पाहावे. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तिच्यात एका चढाईला 30 सेकंद मिळतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो. म्हणून नवखा प्रेक्षकही खिळून बसतो.

कॅरमचा गेम 25 गुणांचा किंवा 8 बोर्डांचा असतो. नवख्याला तो लांब वाटेल. टीव्हीसाठी 4 बोर्ड पुरेत. फटका 15 सेकंदांत मारायचा असतो. ते घड्याळ पडद्यावर दाखवावे. कॅमेरा बोर्डाच्या बरोबर वर असावा. मात्र राणीचा नियम बदलू नये. तो गेला, तर खेळाची गंमतच जाईल.

हल्ली गल्लीत गाड्या वाढल्या आहेत. बोर्ड मांडायला जागा उरत नाही. खेळ पाहणारे वाढले, तर त्या जागेसाठी बोलणारेही वाढतील. मित्रांनो, टीव्ही प्रेक्षक देईल. पण खेळाडू गल्लीतच घडतील.