येलदरीच्या पाण्याला किती वॉट?



येलदरी धरणातल्या मच्छीमारांनी ध्वनिलहरींनी मासे शोधणारा फिश फाइंडर घेताना ‘जास्त वॉटचा तोच चांगला’ असा सल्ला मागील अंकातल्या पत्रात आहे. तो पाळणाऱ्याचे कष्टाचे पैसे वाया जातील.

खोक्यावरचा ४,००० वॉटचा आकडा बहुधा ‘पीक-टू-पीक’ असतो. त्याला आठाने भागले की खरी, म्हणजे आरएमएस ताकद निघते: ५०० वॉट. पाण्यात ध्वनी सोडणाऱ्या ट्रान्सड्यूसरची क्षमता याच आकड्याशी ताडून पाहावी. ३०० वॉटच्या ट्रान्सड्यूसरला १ किलोवॉटचे यंत्र पूर्ण ताकदीवर जोडले, तर आतली सिरॅमिकची चकती तापून तडकू शकते. मग पडद्यावर ना तळ दिसतो, ना कटला मासा. उलट जोडणीत हा धोका नाही. ६०० वॉटचे यंत्र १ किलोवॉटच्या ट्रान्सड्यूसरवर चालते, खोली तेवढी कमी गाठते. मात्र दोघांची फ्रिक्वेन्सी जुळलीच पाहिजे.

जिंतूर तालुक्यात पूर्णेवर बांधलेल्या येलदरी धरणाची उंचीच सुमारे ५१ मीटर. पाणी त्याहून उथळ. इथे २०० किलोहर्ट्झ आणि ३०० ते ५०० वॉट पुरे. किलोवॉटची गरज खोल समुद्रात जाणाऱ्या कोकणातल्या नौकांना.

खरेदीच्या वेळी ट्रान्सड्यूसरचा आरएमएस आकडा दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावा.

एक वाचक, जिंतूर