हजाराच्या आतली बाटली

हजार रुपयांच्या आत वाईन घ्यायची असेल तर पांढरी घ्या, महाराष्ट्रातली घ्या आणि सर्वांत अलीकडच्या सालाची घ्या. कुणी सल्ला विचारला तर माझं उत्तर एवढंच असतं, आणि ते ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. कारण आपल्याकडे वाईन म्हणजे रेड. सिनेमात रेड, लग्नाच्या वाढदिवसाला रेड, आणि ‘हृदयाला चांगली असते म्हणे’ ही पुस्तीही रेडलाच जोडलेली. (हृदयाचं निमित्त आता सोडावं. दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगून टाकलं. प्यायची तर आवडते म्हणून, आणि बेताने.)

पांढरीची बाजू घेण्याचं कारण नाशिकच्या हवेत आहे. युरोपात हिवाळा आला की द्राक्षवेल पानं गाळून झोपी जाते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून तिला वळण लावावं लागतं. मग द्राक्षं उतरतात ती जानेवारी ते मार्चमध्ये. जानेवारीत निफाडचा पारा किती घसरला याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. रब्बीवाला खूश होतो, टेबल द्राक्षवाल्याची झोप उडते, आणि वाईनवाल्याला ती थंडी हवीच असते. रात्री गार असल्या की द्राक्षातला आंबटपणा टिकतो, आणि पांढऱ्या वाईनचा सगळा जीव त्या आंबटपणात असतो. चेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ ही वाणं ऊन तापायच्या आत तोडून होतात.

लाल वाणांना घाई चालत नाही. रंग, तुरटपणा, सुवास हे सगळं सालीतून आणि बियांतून यायचं, आणि साल पिकायला वेळ लागतो. इकडे मार्चचं ऊन साखर भराभर चढवत असतं. साखर बघून तोडलं तर वाईनला ढोबळ्या मिरचीचा हिरवट वास येतो. साल पिकायची वाट पाहिली तर आंबटपणा गळून जातो आणि अल्कोहोल वाढतं. यातून वाट काढणाऱ्या वायनऱ्या नाशिकलाही आहेत, अकलूजकडेही आहेत. वेलीवर घड कमी ठेवायचे, तोडणी निवडून करायची, वाईन ओकच्या पिंपात ठेवायची आणि थांबायचं. पण यातल्या प्रत्येक गोष्टीला पैसे पडतात. २२५ लिटरचं फ्रेंच ओकचं पिंप बाहेरून आणावं लागतं, आणि चार-पाच वर्षांनी त्याच्यात द्यायला फारसं काही उरत नाही. पांढरी वाईन स्टीलच्या टाकीत, गार ठेवून आंबवली की काही महिन्यांत बाटलीत भरता येते. आठशे रुपयांत चांगली पांढरी वाईन करणं शक्य आहे. त्याच पैशात चांगली रेड करायला वायनरीला फार कसरत करावी लागते, आणि ती कसरत चवीत कळते.

राजीव सामंत यांनी अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळ वेली लावल्या, तेव्हा सुरुवात चेनिन आणि सोव्हिन्यों या दोन पांढऱ्या वाणांनीच केली. २००० साली सुला या त्यांच्या वायनरीच्या पहिल्या बाटल्या आल्या. पुढे २००१ मध्ये राज्य सरकारचं वाईन धोरण आलं आणि दिंडोरी, निफाडपर्यंत वायनऱ्या उभ्या राहिल्या. त्याआधी नारायणगावला शामराव चौगुले यांच्या शॅतो इंडाजने फेसाळ वाईन करून ती परदेशात विकलीही होती.

चेनिन ब्लाँ मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली. आपल्याकडे ती बहुधा किंचित गोड ठेवतात. जाणकार या गोडीला नाकं मुरडतात. मला ती आपल्या जेवणासाठी सोयीची वाटते. तिखटावर अल्कोहोल आणि तुरटपणा पडला की जाळ वाढतो, थोडी साखर असली की तो निवतो. थालीपीठ-लोणी, मटारची उसळ, तिखटसर चिकन, कशाहीबरोबर गार चेनिन चालून जाते. मात्र गोडी जास्त आणि आंबटपणा कमी असेल तर दुसऱ्या ग्लासला कंटाळा येतो. रोजची वाईन पहिल्या घोटावर जोखू नये ती याचसाठी. पहिला घोट गोड वाईनच्याच बाजूने बोलतो. वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये आपल्याला घोट-घोटच मिळतो, आणि मग घरी आणलेली बाटली अर्धी फ्रिजमध्ये पडून राहते. जेवणाबरोबर एक अख्खा ग्लास पिऊन पुन्हा ओतावीशी वाटली, तरच ती आपली.

सोव्हिन्यों ब्लाँ कोरडी असते. पेरू, लिंबाची साल, कापलेलं गवत असे वास येतात. तळलेलं पापलेट, कोळंबी, कोथिंबीर वडी यांच्याबरोबर मला तिच्याइतकं काही आवडत नाही.

आता खरेदी. महाराष्ट्रात ‘वाईन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात वाईन सोडून बाकी सगळं धडाक्यात खपत असतं. वाईन कोपऱ्यातल्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, उभी आणि धुळकट. मे महिन्यात त्या फळीवर किती उकडत असेल याचा अंदाज करा. उष्णता आणि उजेड हे वाईनचे वैरी, आणि पांढरीचे तर जास्तच. म्हणून साल बघायचं. लेबलावरचं साल तोडणीचं असतं. आपल्याकडची तोडणी वर्षाच्या सुरुवातीला होते, त्यामुळे त्याच सालातली पांढरी वाईन दिवाळीपर्यंत दुकानात आलेली असते. दोन-तीन वर्षं जुनी साधी पांढरी बाटली ‘जुनी आहे साहेब, मुरलेली’ म्हणून पुढे केली तर नमस्कार करावा. मुरते ती वेगळी, आणि ती या किमतीत नसते. झाकण फिरकीचं असलं तर हलकं समजू नये. आपल्या हवेत बुचापेक्षा ते भरवशाचं. ज्या दुकानात वाईनचा खप जास्त, तिथेच घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी.

परदेशी बाटलीचा मोह होतो, मला माहीत आहे. पण आयात वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानंतर, २०२२ च्या अखेरीपासून, तिथल्या ठरावीक किमतीवरच्या वाईनचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरायला लागलं आहे. तरी सर्वांत स्वस्त परदेशी बाटलीत वाईनपेक्षा कर आणि बोटीचं भाडंच जास्त असतं. तिच्या मूळ देशात तिला कुणी विचारतही नसेल.

आणि पारख करायची तर लेबल झाकून. तीन बाटल्या, सारख्याच गार केलेल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, सारख्या ग्लासांत. फ्रेडरिक ब्रोशे या संशोधकाने बोर्दोत वाईनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये नुसता लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. त्यांची ही गत, तर किंमत आधी कळल्यावर आपली काय होणार? आमच्या मित्रमंडळींत हा खेळ होतो तेव्हा महागडी बाटली आणणारा माणूस कागद काढेपर्यंत गप्प बसलेला असतो.

एवढं सांगूनही रेडच हवी असेल तर शिराझ घ्या, किंवा शिराझ मिसळलेली कॅबर्ने. शिराझ आपल्या उन्हात त्यातल्या त्यात बरी पिकते. तिचा तुरटपणा पिकल्या जांभळाइतका असावा, जीभ ओढली जाईल पण घास पुढे जाईल. लेबलावर ‘रिझर्व्ह’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका, आपल्याकडे तो शब्द कुणीही छापू शकतो. अकलूजची सँजोवेझे बजेटच्या काठावर जाते, पण टोमॅटोच्या रश्श्याबरोबर तिचं जमतं. तांबड्या रश्श्यापुढे मात्र कुठल्याच रेडला बसवू नका. तिथे झणझणीतपणा आणि तुरटपणा एकमेकांना पेटवतात. सुक्या मटणाला, खिम्याला चालेल.

रेड ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी होता. तिथली खोली म्हणजे सोळा-अठरा अंश. पुण्यात एप्रिलमध्ये खोलीच्या तापमानाची रेड म्हणजे कोमट काढा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, स्वस्त रेड निम्म्याने सुधारते. पांढरी आठ-दहा अंशांवर चांगली. त्याहून गार केली तर वास येत नाही, आणि एखादी बाटली फसली असेल तर तिला तसंच गारेगार करून संपवायचं.

गोव्याहून येणारी पोर्ट वाईन मी यात धरलेली नाही. ती गोड, दाट आणि चढणारी. अनेक मराठी घरांत पहिली वाईन तीच आली, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण जेवणाबरोबर ती नाही चालत.

एका बाटलीत ७५० मिलीलिटर, म्हणजे पाच ग्लास. दोघांना एका रात्रीत संपवायची गरज नाही. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन दिवस ठीक राहते, रेडसुद्धा. चौथ्या दिवशी रेड मटणाला लावा. चेनिनवर ती वेळ आमच्याकडे अजून आलेली नाही.