सर्वानुमते मंजूर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी गेलो होतो. गाव घटप्रभेच्या कॅनॉलखालचे. मामा तेथील पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचे सेक्रेटरी. ऑडिट तोंडावर आले होते. मामा म्हणाले, "तुला कन्नड येतं, अक्षरही बरं आहे. एवढं प्रोसिडिंग बुक लिहून दे." मी लिहून दिले. चार सभांचा वृत्तान्त एका रात्रीत तयार झाला. प्रत्येक ठरावाखाली मी न चुकता 'सर्वानुमतदिंद', म्हणजे 'सर्वानुमते', असे लिहिले. त्यांतील एकही सभा मी पाहिली नव्हती. मागाहून कळले की ती कोणीच पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फिरत फिरत चारीच्या शेवटाला गेलो. वरच्या अंगाला ऊस डोक्याएवढा, आणि येथे हरभऱ्याची रोपे माना टाकून उभी. तेथले म्हातारे शेतकरी मला ओळखत होते. ते एवढेच म्हणाले, "बाळ, पाळी होऊन गेली. पाणी काय आलं न्हाई. पाणीपट्टीची पावती मात्र आली."

मित्रहो, मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमा आणि नावे यांची बेरीज जुळली की आम्ही समाधानाने रेघ मारतो. त्या संघाचीही किर्द-खतावणी पैशापैशाला जुळत होती. पाणीपट्टी किती गोळा झाली, चारीतील गाळ काढण्यास किती खर्च झाला, सारे व्यवस्थित होते. परंतु ज्या वस्तूसाठी संघ स्थापन झाला, त्या पाण्याचे खाते कोठेच नव्हते. किती आले, किती तास वाहिले, कोणाच्या रानात गेले, याची एक ओळही नव्हती. किराणा दुकानदाराने गल्ला मोजावा आणि कोठीतील धान्य कधीच मोजू नये, तसा हा प्रकार!

पाणी मोजता येत नाही, असे कोणी म्हणेल. मोजणे कठीण नाही. दाराशी मोजपट्टी बसविली की पाण्याची उंची वाचून प्रवाह काढता येतो. एक क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले तर ८६,४०० घनफूट होते. म्हणजे दोन एकर रानात जवळजवळ फूटभर पाणी! हे गणित शाळेतील मुलालाही येईल. अडचण गणिताची नाही. मोजले की वरच्याने किती घेतले हे खालच्याला कळते, ही खरी अडचण आहे.

आपल्या भागाला कॅनॉल नवा नाही. धुपदाळचा बंधारा १८९७ सालचा. हिडकलच्या धरणात ५१ टी. एम. सी. पाणी मावते. पाण्याच्या आकारणीवरून काय घडू शकते, तेही आपण जाणतो. सौंदत्तीजवळच्या मलप्रभा धरणाखालील नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी १९८० साली पाणीपट्टी व सुधारणा कराविरुद्ध उठले, आणि २१ जुलै रोजी तेथे गोळीबार होऊन माणसे मेली. पुढे २००० साली कर्नाटकाच्या पाटबंधारे कायद्यात दुरुस्ती होऊन पाणीवाटपाचे काम शेतकऱ्यांच्या संघांकडे देण्याची वाट खुली झाली. हेतू उत्तम होता. पण साहेबाच्या जागी गावचाच सधन बागाईतदार बसला, तर शेवटच्या शेतकऱ्याला त्यात काय मिळाले?

मामांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. "खात्याकडूनच कमी पाणी सुटतं. आम्ही वाटणार काय?" ते खरेही असेल. पण मग मोजमाप संघालाच अधिक हवे. वहीत आकडा असेल तर खात्यापुढे तोंड वर करून बोलता येईल. आज तेथे नुसते गाऱ्हाणे जाते, आणि गाऱ्हाण्याला आवक क्रमांक मिळतो, पाणी मिळत नाही.

हे अशक्य आहे काय? नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. तेथे कॅनॉलच्या शेवटाकडील शेतकऱ्यांनी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या मदतीने १९९० नंतर पहिल्या संस्था काढल्या. त्या वाढत जाऊन चोवीस संस्थांचा महासंघ झाला. पाणी मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे आणि त्याप्रमाणे पैसे घ्यायचे, हा त्यांचा रिवाज. महाराष्ट्राने २००५ साली केलेल्या कायद्यात तर संस्थेच्या संचालकांत चारीचा वरचा, मधला आणि शेवटचा भाग यांना सारखे स्थान दिले आहे.

मला वाटते, आपल्याकडे निदान दोन गोष्टी तरी कराव्यात. प्रत्येक पाळीचा हिशेब दाराजवळच्या फलकावर कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहावा. आणि वार्षिक सभा चेअरमनच्या सोप्यात न भरविता चारीच्या शेवटच्या रानात भरवावी. हिशेबाला कन्नडमध्ये 'लेक्क' म्हणतात, आपण 'लेखा' म्हणतो. शब्द मुळात एकच. मग तो दोघांना वाचता यायला काय हरकत आहे?

या उन्हाळ्यात मामांनी पुन्हा ती वही पुढे केली. मी म्हटले, "मामा, सभा घ्या, मी बसून लिहितो." मामा रागावले. दोन दिवस जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. मामीही मलाच बोलली. सभा अजून झालेली नाही, आणि वही कोरी आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या गावी असा एखादा संघ आहे, आणि लिहिता येते म्हणून अशी वही आपल्याच पुढे येते. मित्रहो, 'सर्वानुमते' हा शब्द लिहिण्यापूर्वी चारीच्या शेवटापर्यंत एकदा चालत जाऊन या.