लोखंडी बंपर कोणाला वाचवतो?

मैत्रिणींनो, हुंडा, पोटगी, कामाच्या ठिकाणचा छळ असे विषय समोर पडलेले असताना मी गाडीच्या बंपरवर लिहायला बसले आहे, याचं काहींना हसू येईल. पण रस्ता ही बाईची रोजची जागा आहे. मुलाला शाळेत सोडायचं, धावतपळत ठाणे स्टेशन गाठायचं, येताना भाजी घ्यायची, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं. कोपरीतली बाई हे सगळं बहुतेक वेळा पायीच करते. फुटपाथ असला तर त्यावर दुचाक्या उभ्या असतात, म्हणून ती रस्त्यावरून चालते. आणि त्या रस्त्यावर आता तिच्या कमरेच्या उंचीला लोखंड आलं आहे.

मी कशाबद्दल बोलते आहे ते तुम्ही पाहिलं असेल. एसयूव्हीचा कंपनीने दिलेला बंपर काढून टाकतात आणि तिथे तीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा काळा बंपर बसवतात. त्यावर नळ्यांचं कडं, दोन बाजूंना पुढे आलेली टोकं, कधी मधोमध विंच. मागे तसाच दुसरा बंपर, त्याला बिजागरीवर दारासारखा बाजूला उघडणारा कॅरिअर, आणि कॅरिअरवर स्टेपनी, डिझेलचा कॅन, एखादं फावडं. या सजावटीवर हजारो रुपये जातात.

हे सामान मुळात निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. चढाच्या पायथ्याशी गाडीचं नाक दगडाला टेकू नये म्हणून हा बंपर आखूड आणि वर उचललेला असतो. चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायची तर विंच आणि हूक थेट चासीला जोडलेले हवेत. प्लॅस्टिकच्या बंपरला दोर बांधून चालत नाही. मोठी चाकं घातली की स्टेपनीही जड होते, मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना ते वजन झेपत नाही, म्हणून कॅरिअर बंपरवर. शहापूरच्या पुढे, माळशेजच्या बाजूला पावसाळ्यात कच्च्या वाटांवर गाडी घालणारे हौशी लोक आहेत, त्यांत बायकाही आहेत. त्यांच्या छंदाशी माझं भांडण नाही. सवाल असा आहे की तीच गाडी सोमवारी सकाळी अष्टविनायक चौकात काय करते? बारा बंगल्याला कोणते दगड ओलांडायचे आहेत? (खड्डे आहेत, मान्य. पण त्यातून निघायला अजून तरी विंच लागत नाही.)

आता बंपरचं काम समजून घेऊ, कारण ते कोणी आपल्याला सांगत नाही. कंपनीचा बंपर ‘तकलादू’ असतो अशी पुरुषांची कायमची तक्रार. तो मुद्दामच तसा केलेला असतो. वर प्लॅस्टिक, आत फोमसारखं मऊ भरण किंवा दबणारी रचना, त्यामागे धक्का खाऊन चेपणारा भाग. गाडी माणसाला धडकली तर काही धक्का त्या चेपण्यात जिरावा, गुडघ्याचा चुरा होऊ नये, हा त्यातला हेतू. लोखंडी बंपर चेपत नाही, आणि जे त्याने घेतलं नाही ते समोरच्या शरीराला घ्यावं लागतं. त्यातून तो उंच आणि सपाट. उंच पुरुषाच्या मांडीला लागेल तो मार बुटक्या बाईच्या ओटीपोटाला लागतो, आणि तिचं बोट धरून चालणाऱ्या पोराच्या छातीला, डोक्याला. गाड्यांच्या धडक-चाचण्यांसाठी वर्षानुवर्षं जो प्रमाण-पुतळा वापरला गेला तो साधारण १७५ सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाचा. आपल्यातल्या किती जणी त्या मापाच्या आहेत?

केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण कोणत्याही वाहनात बसलेला नव्हता. युरोपीय संघाने २००५ साली नियम केला की पादचाऱ्याच्या चाचणीत उतरतील अशीच गार्ड विकता येतील. आपल्याकडे कायदा नाही असं समजू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

मग हे बंपर दिसतात कसे? गंमत पाहा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या, साहेबांच्या गाडीवरचा लाल दिवा गेला. सरकारने मनावर घेतलं आणि तो बघता बघता दिसेनासा झाला. गार्डबद्दलचं पत्र त्याच वर्षीचं, आणि गार्ड जागच्या जागी. दिव्यामुळे सामान्य माणसाचा अपमान होत होता, तेवढा कळला. लोखंडाने तिचं हाड मोडतं, ते मात्र कोणाला दिसत नाही.

मागच्या कॅरिअरकडे तर कोणी लक्षच देत नाही. उंच स्टेपनी, शेजारी कॅन, त्यामुळे मागची काच अर्धी झाकलेली. गाडी रिव्हर्स घेताना मागे उभं असलेलं लहान मूल चालकाला दिसणार कसं? अरुंद गल्लीत तो कॅरिअर उघडला की उरलेली वाटही बंद. आणि कॅरिअर नीट बसवला नसेल तर दिवे आणि नंबरप्लेट त्याच्या आड जातात. रात्री उशिरा स्टेशनवरून घरी येताना ज्या बाईच्या मागे गाडी हळूहळू आली आहे, तिला नंबरप्लेटचं महत्त्व विचारा. तक्रार लिहून घेणारा हवालदार पहिला प्रश्न नंबरचाच करतो.

‘बायकोमुलांच्या सुरक्षेसाठीच बसवलंय’ हे उत्तर ठरलेलं आहे. तेही खोटं आहे. एअरबॅगचे सेन्सर गाडीच्या मूळ पुढच्या भागाच्या हिशोबाने लावलेले असतात. चासीला कडक लोखंड जोडलं की तो हिशोब बिघडतो; एअरबॅग उशिरा उघडू शकते, नाहक उघडू शकते, किंवा उघडतच नाही. जो धक्का पुढच्या भागाने चेपून खायचा तो थेट आत बसलेल्यांकडे येतो. वाचतो तो रंग. पार्किंगमध्ये ओरखडा पडत नाही, एवढीच ती सुरक्षा. बायकोच्या नावावर हा हट्ट खपवू नका.

कारण हट्टच आहे हा. चंगळवादाने मर्दानगीला नवं चिलखत शिवून दिलं आहे आणि त्याची किंमत अनेकदा बाईच्या माहेराकडून वसूल होते. मे २०२५ मध्ये मुळशीतल्या भुकूमच्या तरुण सुनेचा मृत्यू झाला, तेव्हा तिच्या वडिलांनी सांगितलेल्या यादीत ५१ तोळे सोन्याबरोबर एक मोठी एसयूव्ही होती. आपल्या ठाण्यात, डिसेंबर २०२३ मध्ये घोडबंदर रोडवर एका तरुणीच्या अंगावर गाडी घालण्यात आली. मित्राच्या सांगण्यावरून ती घातली, असा तिचा आरोप. तिचा पाय मोडला. मित्र बड्या सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा. तिने समाजमाध्यमावर लिहिलं, गवगवा झाला, मग विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि अटक झाली. खरंखोटं न्यायालय ठरवील. या दोन्ही प्रकरणांत लोखंडी बंपरचा संबंध होता असं मी म्हणत नाही. पण गाडी ही आपल्याकडे नुसतं वाहन राहिलेली नाही. घरात ती मागणी होऊन येते आणि बाहेर मूठ होऊन. जो पुरुष पैसे मोजून त्या मुठीला लोखंड चढवतो, त्याला समोर कोण आहे असं वाटतं?

आपल्या महिला मंडळांनी, भिशीच्या गटांनी हा विषय घ्यावा. माहितीच्या अधिकारात ठाण्याच्या परिवहन कार्यालयाला विचारा: कलम ५२ खाली वर्षभरात किती गाड्यांवर कारवाई केली, किती बंपर काढायला लावले? सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की उठून बोला. मागच्या रांगेत बसून नका ऐकू. अपघात झालाच तर पंचनाम्यात बंपरचं वर्णन यायला हवं असा आग्रह धरा, कारण एकदा बंपर बदलून मूळचा लावला की पुरावा गेला. आणि ज्यांच्या स्वतःच्या घराखाली अशी गाडी उभी आहे त्यांनी विम्याचा कागद काढून वाचावा, न कळवता केलेल्या बदलाबद्दल त्यात काय लिहिलं आहे ते नवऱ्यालाही वाचून दाखवावं. काढलेला मूळ बंपर बहुधा माळ्यावर असतो.